बाजारची सुरी, घरचा आकार

सुरीचे टोक मोडायला फारसे निमित्त लागत नाही. कोणी तिने डब्याचे झाकण उचकटतो, कोणी फ्रीझरमधला बर्फ फोडतो, कधी ती ओट्यावरून थेट फरशीवर आपटते. पुढचा सेंटिमीटरभर तुकडा उडतो आणि सुरी ड्रॉवरच्या तळाशी जाते, दुधाच्या पिशव्या कापण्यापुरती. बाकीचे पाते धडधाकटच असते. भोसरी, आकुर्डी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात मात्र अशी सुरी टाकून देण्याआधी ती एकदा व्हाइसमध्ये धरून पाहणारे लोक आहेत. फिटर, टर्नर, टूलरूममधले कारागीर, आयटीआयची पोरे. त्यांच्या हिशेबी ती मोडकी वस्तू नसते; मार्किंग करून घासायचा एक जॉब असतो.

मोडलेले टोक हे त्यातल्या त्यात सोपे काम. रुंद पाते अरुंद करून फळे सोलायची सुरी बनवणे, मुठीजवळचा बोचरा कोपरा गोल करणे, जाड पाते बारीक करणे, हलणारी मूठ काढून लाकडाची बसवणे हेही याच खात्यात येते. यातल्या कशालाही भट्टी, भाता, ऐरण लागत नाही. लोहार लोखंड तापवून ठोकतो, तेव्हा आकार येतो. इथे नको असलेले पोलाद घासून काढायचे, एवढेच. अमेरिकेतले बॉब लव्हलेस (१९२९-२०१०) यांनी याच पद्धतीने, पोलादी पट्टी घासून पाते काढत, शिकारी सुऱ्यांच्या दुनियेत नाव कमावले. बाजारच्या सुरीत तर त्याहून सोय आहे. पोलादाला पाणी देण्याचे अवघड काम कारखान्याने आधीच उरकलेले असते. घरच्या कारागिराने ते पाणी सांभाळायचे, बस. आणि नेमके तिथेच या पट्ट्यातले मुरलेले हातसुद्धा फसतात.

घासण्याची विद्या इथे आली ती कारखान्यांचे बोट धरून. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि आजूबाजूची माळराने एमआयडीसीच्या प्लॉटांत वाटली गेली. आकुर्डीत बजाज, दापोडीत सँडविक, चिंचवडला एसकेएफ आणि १९६६ पासून टेल्को. टेल्कोच्या पुणे प्रकल्पाची आखणी करताना सुमंत मुळगावकर यांनी गाड्यांच्या आधी यंत्रे-हत्यारे बनवण्यावर आणि मुलांना हातकाम शिकवण्यावर भर दिला होता. पुढे हा पट्टा नाशिक रस्त्याने उत्तरेकडे सरकला. चाकणला १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव मोटारींचे गाव झाले.

आयटीआयचा फिटर ट्रेड दोन वर्षांचा. मोरवाडीतली महापालिकेची आयटीआय घ्या की औंधची शासकीय, नव्या मुलाची सुरुवात कानशीनेच होते. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि बाजू सपाट, कोपरे काटकोनात येईपर्यंत घासायचा. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला की फटीतून चुगली होतेच. उजेड दिसला की पुन्हा घासा. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही, म्हणून परतताना तिच्यावरचा दाब सोडायचा. दात चोंदू नयेत म्हणून तिच्यावर खडू फिरवायचा, चोंदलेच तर तारेच्या ब्रशने साफ करायचे. या असल्या बारीकसारीक गोष्टी पुढे जन्मभर हातात राहतात. त्यातली एकही सुरीसाठी म्हणून शिकवलेली नसते, पण सगळ्या सुरीला चालतात.

हत्यारेही परकी नाहीत. रेमंड समूहाच्या जेके फाइल्सचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत. ग्राइंडिंग व्हील बनवणारी ग्राइंडवेल कंपनी १९४१ मध्ये उरणजवळच्या मोरा इथे स्थापन झाली. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे व्हाइस, कानशी, जुने दगड हाताळून घेता येतात. घरच्या कामाला यादी छोटीच लागते: एक बास्टर्ड आणि एक स्मूथ कानस, छोटा व्हाइस किंवा दोन सी क्लॅम्प, वेगवेगळ्या नंबरचे पॉलिश पेपर, दोन्ही बाजूंनी वापरायचा धारेचा दगड, मार्कर आणि पाण्याची बादली. ग्राइंडर असला तर काम लवकर होते. बिघडतेही लवकर.

कानस चालेल की नाही हे पोलादाच्या कडकपणावर ठरते. हा कडकपणा रॉकवेलच्या मापात मोजतात. घरगुती स्टेनलेस सुऱ्या साधारण ५२ ते ५८ च्या दरम्यान असतात, चांगली कानस ६२ च्या वर. म्हणजे कानस सुरीला लागते, जरा कुरकुरत का होईना. जपानी पद्धतीच्या महागड्या सुऱ्या ६० च्या पुढे जातात. त्यांच्यावर कानस काचेवरून सरकावी तशी सरकते. दुकानातून आणलेली सुरी कोणत्या जातीची आहे हे पाठीवर, मुठीजवळ एक हलका हात मारला की कळते. हॅक्सॉने सुरी कापायच्या भानगडीत मात्र पडू नये. सुरी तशीच राहते आणि ब्लेडचे दात जातात.

आता फसगतीचे कारण. जुन्या टर्नरने आयुष्यभर बेंच ग्राइंडरवर लेथचे टूल घासलेले असते. ते हायस्पीड स्टीलचे. त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम असते आणि साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापूनही ते आपला कडकपणा सोडत नाही. लेथवर कापताना तापणे हा त्याचा धर्मच आहे. मशीन हॅक्सॉच्या जुन्या ब्लेडची सुरी करायची वर्कशॉपातली जुनी युक्ती याच गुणावर उभी आहे. ते ब्लेड हायस्पीड स्टीलचे असेल तर घासताना निळे पडले तरी धार टिकते. त्यामुळे टर्नरच्या हाताला एक सवय लागलेली असते: टूल दाबून धरायचे, ठिणग्या उडू द्यायच्या, बोटाला फारच चटका बसला तर थांबायचे.

घरातली स्टेनलेस सुरी हे सहन करत नाही. कारखान्यात ती हजार अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड केलेली असते आणि मग ठिसूळपणा कमी करण्यासाठी साधारण दीडशे-दोनशे अंशांवर पुन्हा तापवलेली असते. घासताना तिची धार यापेक्षा वर गेली की दिलेले पाणी जायला लागते. साध्या कार्बन पोलादावर २२० अंशांच्या आसपास पिवळसर आणि ३०० च्या आसपास निळा रंग चढतो, म्हणून रंग पाहून अंदाज घेता येतो. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असल्याने तोच रंग बराच उशिरा, जास्त उष्णतेवर दिसतो. रंग दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. कडकपणा तर जातोच, गंजाला तोंड देण्याची ताकदही कमी होते. अशी सुरी पहिल्या दिवशी कांदा सुरेख कापते आणि आठवड्यात बोथट होते. मग दोष सुरीला दिला जातो.

स्टेनलेसच्या धारेबद्दलची तक्रार स्टेनलेसइतकीच जुनी आहे. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबवण्याचे उपाय शोधताना सुमारे १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बनचे पोलाद ओतले. ते गंजत नाही हे पाहून त्यांनी सुऱ्यांचा आग्रह धरला, तेव्हा गावातल्या सुरीकारांनी त्यांची थट्टा केली: न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक! थट्टेत तथ्य होते, कारण कडकपणा येतो कार्बनमुळे आणि तो त्यात कमीच होता. आज बऱ्या जर्मन पद्धतीच्या सुरीत कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम १५ टक्क्यांच्या आसपास असते. स्वस्त सुऱ्यांत कार्बन याहून कमी असतो. मुळातच बेताचे पाणी असलेल्या सुरीवर ग्राइंडर दाबला की तेही जाते.

म्हणून मोडलेल्या टोकाचे काम फिटरच्या शिस्तीने आणि बादली शेजारी ठेवून करायचे. पहिला प्रश्न असा, की पोलाद कुठून काढायचे? नवख्या माणसाला वाटते, धारेची बाजू वर वळवून मोडलेल्या पाठीला नेऊन भिडवावी. तसे केले तर नवे टोक पात्याच्या जाड भागात येते, ते कांद्यात घुसत नाही आणि धारेचा बराच भाग नव्याने काढावा लागतो. बरोबर रीत उलटी आहे. धारेला हात लावायचा नाही. पाठ उतरती करत खाली आणायची आणि धारेला भेटवायची. टोक मूळच्या पातळ पोलादातच राहते. असे झालेले पाते दिसायला जपानी सांतोकू सुरीसारखे होते, म्हणजे सरळसर धार आणि पुढे वळत खाली उतरणारी पाठ. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी घरांत भाजी, मासे, मांस या सगळ्यांसाठी रुळलेला हा आकार आपल्या भाज्यांनाही छान चालतो.

धारेवर आधी जाड पुठ्ठा दुमडून टेपने चिकटवायचा. मार्करने पाठीवरून धारेपर्यंत वळण आखायचे, ओट्यावर भाजी कापायच्या पवित्र्यात धरून पाहायचे, पटले नाही तर पुसून पुन्हा आखायचे. मार्कर पुसता येतो, घासलेले पोलाद परत येत नाही. मग व्हाइसच्या जबड्यांत दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठेवून पाते असे आवळायचे, की रेघ जबड्यापासून जेमतेम वर राहील. जास्त वर राहिले तर पाते थरथरते, किंचाळते आणि कानस उड्या मारते. बास्टर्ड कानशीने रेघेपर्यंत, स्मूथ कानशीने रेघेवर, मग पॉलिश पेपर १२० पासून ४०० पर्यंत. सेंटिमीटरभर मोडलेल्या टोकाला यात एखादी संध्याकाळ जाते. कानशीने पाते कोमट होते, तापत नाही, आणि हाच तिचा मोठा गुण.

घाई असेल तर हँड ग्राइंडर आहे. चार इंची हँड ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो, त्यामुळे त्याच्या पातळ कटिंग व्हीलने पाते काही सेकंदांत तुटते. पण तुटलेली कड हमखास जळलेली असते. म्हणून रेघेच्या बाहेर दोन मिलिमीटर सोडून कापायचे आणि राहिलेले दोन मिलिमीटर थंडपणे कानशीने काढायचे. जळका भाग त्यात निघून जातो. बेंच ग्राइंडरवर पाते ओले करून दोन-तीन सेकंद टेकवायचे, उचलायचे, बुडवायचे. पात्यावर पाणी आहे तोवर पोलाद शंभर अंशांच्या फार वर जात नाही. टोकावरचे पाणी सुकायला लागले, की पुन्हा बादली. टोक पातळ असल्याने उष्णतेला पळायला जागा नसते आणि जळते ते तिथेच.

रुंदी कमी करतानाही हाच प्रश्न येतो: पाठीकडून की धारेकडून? थोडे गणित केले तर उत्तर सापडते. समजा पाते पाठीला २ मिलिमीटर जाड, ४० मिलिमीटर रुंद आणि पाठीपासून धारेपर्यंत सारखे निमुळते होत गेलेले आहे. धारेकडून १० मिलिमीटर काढले, तर नव्या धारेच्या जागी जाडी अर्धा मिलिमीटर येते आणि २० काढले तर पूर्ण एक मिलिमीटर. इतकी जाड सुरी बटाटा कापत नाही, फोडते. पाठीकडून तेवढेच काढले तर धारेपाशी काहीच बदलत नाही. स्वस्त सुऱ्यांत तर निमुळतेपणा फक्त खालच्या भागात दिलेला असतो, म्हणजे धारेकडून काढणे आणखी महाग पडते.

काही बदल दिसायला किरकोळ आणि वापरायला मोठे. बहुतेक सुऱ्यांच्या पाठीच्या कडा कारखान्यात तुटल्या तशा धारदार सोडलेल्या असतात. पाते चिमटीत धरून रोज किलोभर कांदा चिरणाऱ्या बाईच्या तर्जनीला त्याचा घट्टा पडतो. पॉलिश पेपरची पट्टी बूट पुसतात तशी पाठीवरून मागे-पुढे ओढली की या कडा गोल होतात. मुठीजवळ धार संपते तो कोपरा बोटाला लागत असेल तर गोल कानशीने तिथे छोटी खाच घेतात. दगडावर धार लावतानाही मग पाते शेवटपर्यंत बसते. सायकलवर चाक बांधून दारोदार धार लावणाऱ्यांकडे वर्षानुवर्षे दिलेल्या सुरीला मुठीजवळ पोट आत गेल्यासारखा खळगा पडतो आणि पाटावर कोथिंबीर तिथे अर्धवट कापली जाते. अशी सुरी दगडावर उभी घासून धार आधी सरळ करावी लागते, मग नव्याने लावावी लागते.

मूठ बदलायची तर रिव्हेट ड्रिलने पोखरून जुनी मूठ काढतात. मुठीतून पात्याचे शेपूट पूर्ण लांबीने गेलेले असेल तर काम सरळ आहे: शिसवीच्या किंवा बाभळीच्या दोन फळ्या, पितळी पिना आणि ॲराल्डाइट. बाभूळ गावाकडच्या औतांना आणि अवजारांच्या दांड्यांना चालत आलेलीच आहे. चिकटवण्याआधी शेपूट पॉलिश पेपरने खरखरीत करणे आणि त्यावरचे तेल स्पिरिटने पुसणे विसरू नये. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात. प्लॅस्टिकची मूठ पात्यावरच ओतलेली असेल तर ती तशीच राहू द्यावी, कारण आत शेपूट किती आहे याचा बाहेरून पत्ता लागत नाही.

आकार झाला की धार. दगडावर पाते किती उचलायचे हे अंदाजाने करण्यापेक्षा मापाने केलेले बरे. ४० मिलिमीटर रुंद पाते दगडावर आडवे ठेवले आणि पाठ साडेदहा मिलिमीटर उचलली की कोन १५ अंशांचा होतो. पावणेचौदा मिलिमीटर उचलली की २० अंशांचा. भाजीच्या सुरीला १५ ते २० अंश पुरेत. हाडांवर चालणाऱ्या सुरीला जास्त लागतात. धार मार्करने काळी करून दगडावर दोन हात फिरवले की काळे कुठे राहिले ते दिसते, आणि दगड धारेला टेकतो की वरच टेकतो हे समजते. व्हर्निअर आणि मार्किंग ब्लू वापरलेल्या माणसाला ही युक्ती सांगावीही लागत नाही.

चाकणच्या सीएनसी मशीनवर काम करणाऱ्या तरुण मुलाला मात्र सांगावी लागेल. तिथे टूल घासत नाहीत. कार्बाइडची इन्सर्ट बोथट झाली की फिरवून दुसरी कड घेतात, कडा संपल्या की नवी बसवतात. उत्पादनासाठी तेच योग्य, कारण घासण्यात गेलेला वेळ इन्सर्टपेक्षा महाग असतो. पण त्यामुळे कोन हाताने पकडण्याची सवय आयटीआयच्या बाकावर लागते तेवढीच. ग्राइंडरसमोर अर्धे आयुष्य घालवलेल्या टर्नरला उष्णतेबद्दलची सवय मोडावी लागते. मुलाला ती लागलेलीच नसते, म्हणून तो बादली सांगितल्याबरोबर वापरतो.

सुरक्षिततेचे नियम कारखान्यातले आहेत तेच घरी. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क, कारण स्टेनलेसच्या धुळीत क्रोमियम असते. नवे ग्राइंडिंग व्हील बसवण्याआधी बोटात अडकवून लाकडी मुठीने हलके वाजवायचे. चांगले व्हील खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द. व्हीलवर लिहिलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत. टूल रेस्ट आणि व्हील यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर पाते आत ओढले जाते. फिरत्या चाकाजवळ कापडी हातमोजे, ओढणी, सुटे केस अजिबात नकोत. आणि मोशी-वाकडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दुचाकींच्या पेट्रोलच्या टाक्यांशेजारी ठिणग्या उडवू नयेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला कानस म्हणूनही परवडते: शेजारी तक्रार करत नाहीत.

आकार निवडताना कायद्याचीही आठवण ठेवावी. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणजे स्वयंपाकाची सुरी स्वयंपाकाच्याच कामाची दिसावी. तिला दोन्हीकडून धार काढून खंजिराचा आकार दिला तर ती सूट सांगता येणार नाही. शहरात जमावबंदीचे आदेश असतात तेव्हा धारदार वस्तू घेऊन फिरण्यावरही बंदी असते. कोयता नाचवण्याच्या प्रकारांनंतर २०२३ च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी कोयते विकणाऱ्यांना ग्राहकांचे आधार कार्ड घ्यायला सांगितले होते. त्या वातावरणात बदललेली सुरी पिशवीत घालून मित्राला दाखवायला नेण्याची हौस आवरलेली बरी.

काही सुऱ्यांना हात न लावणेच शहाणपणाचे. पावाची दातेरी सुरी घासली तर दात जातात. सिरॅमिकची सुरी कानशीला दाद देत नाही आणि ठोक लागला की तुकडे होतात. मधे कडक आणि बाहेर मऊ असे थर असलेले जपानी पाते अरुंद केले तर थरांची रचनाच बिघडते. पहिला प्रयोग ड्रॉवरच्या तळाशी पडलेल्या, टोक मोडलेल्या शे-दोनशे रुपयांच्या सुरीवर करावा, आणि तोही ग्राइंडर न लावता. चुकून धार जळलीच तरी सगळे संपत नाही. जळकी कड मिलिमीटर-दोन मिलिमीटर घासून काढली की खाली पाणी असलेले पोलाद असते. सुरी तेवढी अरुंद होते आणि पुन्हा कामाला लागते.